जोडलेली प्रत्येक वस्तू गाडीकडून काहीतरी घेते

गाडीसोबत मिळणारी जाड पुस्तिका फारसं कोणी वाचत नाही, पण ती असते. कुठला फ्यूज कशाचा, टायरमध्ये हवा किती, टपावर किती वजन चालेल, सगळं तिच्यात कुठे ना कुठे सापडतं. बाहेरून आणलेली पहिली वस्तू गाडीला बसवली की त्या दिवसापासून ती पुस्तिका अपुरी पडायला लागते. डॅशकॅमची, म्हणजे रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची, वायर कुठून गेली, धुक्यातल्या दिव्यांचा फ्यूज कुठे लपलाय, नव्या अलॉय चाकांचे नट किती आवळायचे, हे छापणाऱ्यांना ठाऊक असायचं काही कारण नसतं. ते आता आपण ठाऊक ठेवायचं.

मला गाडीत भर घालायला मनापासून आवडतं, हे आधीच सांगते. मागचा कॅमेरा असला की अरुंद जागेत गाडी लावताना जीव वर-खाली होत नाही. चांगला हॉर्न वळणावर समोरच्याला वेळेत जागं करतो. कारखान्यातून गाडी हजारोंसाठी एकसारखी बाहेर पडते आणि आपली गरज आपलीच असते. त्यामुळे 'काही लावूच नका, जशी आहे तशी ठेवा' हा सल्ला मला कधी पटला नाही. पण वस्तू आपल्याला काय देणार हे डब्यावर मोठ्या अक्षरांत असतं आणि ती गाडीकडून काय घेणार हे कुठेच लिहिलेलं नसतं, ही गोष्ट मी आता आधी बघते. कोणी करंट घेतो, कोणी वजनाची मुभा संपवतो. कोणी काचेतून दिसणारा रस्ता झाकतो. कोणी एअरबॅगला उघडायला राखून ठेवलेली जागा अडवतो. देण्याघेण्याचा हा हिशेब एकदा कळला की त्या वस्तूची काळजी कशी घ्यायची तेही आपोआप कळतं.

आधी विजेचं, कारण बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

बंद करून उभी केलेली गाडी पूर्ण बंद कधीच नसते. घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर, निरनिराळ्या कंट्रोल युनिटांची मेमरी, या सगळ्यांना थोडा थोडा करंट लागतो. गाडी धडधाकट असेल तर तो साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत राहतो. म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-तास. बॅटरी 45 अँपिअर-तासांची धरली तर ती अर्धी व्हायला अडीच आठवड्यांहून थोडा जास्त वेळ लागेल. आता याच गाडीत पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम लावा. तो 250 मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाचे 6 अँपिअर-तास वाढले. तीच बॅटरी आता तीन दिवसांत अर्धी होते. रोज दूरवर गाडी चालवणाऱ्याला हे जाणवणारही नाही, कारण इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर उतरलेलं भरून काढतो. आठवड्यातून एकदा भाजीबाजारापुरती गाडी काढणाऱ्याची बॅटरी मात्र कधीच पुरती भरत नाही. लेड-ॲसिड बॅटरीला असं पुन्हा पुन्हा खोल उतरणं सोसत नाही. प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि मग ती पूर्ण चार्ज करूनही पूर्वीइतकी भरत नाही.

म्हणून पार्किंग मोड हवाच असेल तर व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की करंट तोडणारी जोडणी घ्यावी, आणि ती कितीवर लावलीय ते स्वतः बघावं. विसावलेली बॅटरी भरलेली असते तेव्हा 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.2 ला ती जवळजवळ अर्धी असते, 12.0 ला जेमतेम पाव. या उपकरणांवर 11.8 व्होल्टचाही पर्याय असतो आणि रेकॉर्डिंग जास्त वेळ मिळावं म्हणून लोक तोच निवडतात. तिथवर उतरलेली बॅटरी थंड सकाळी इंजिन फिरवेल याची मी खात्री देणार नाही. मी 12.2 च्या खाली जात नाही.

उभ्या गाडीची बॅटरी का उतरते हे शोधणं म्हणजे चिकाटीचं काम. एका जाणत्या इलेक्ट्रिशियनच्या शेजारी उभं राहून मी ते पाहिलंय. नात्यातल्या एकाची गाडी होती, चार दिवस उभी राहिली की मरायची. त्यांनी आधी बोनेट उघडलं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने बोनेटचं लॉक खटकन दाबून बसवलं, म्हणजे गाडीला वाटावं बोनेट बंद आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या लॉकचंही तसंच केलं. फ्यूजबॉक्सचं झाकण काढून ठेवलं, चावी दूर नेऊन ठेवली आणि चक्क बाकावर बसले.

"मोजायचं नाही का?" मी विचारलं.

"ताई, घाई नाही करायची. आत्ता गाडी जागी आहे. झोपू दे तिला, मग कळतं कोण जागं राहिलं ते."

हल्लीच्या गाड्यांची कंट्रोल युनिटं एकामागून एक झोपी जातात, काहींना वीस मिनिटं लागतात, काहींना तासभरही. वेळ झाल्यावर ते मल्टिमीटर घेऊन उठले. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याच्या दोन्ही सुया एकेका फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टिकल्यांना लावत गेले. फ्यूजलाही किंचित रोध असतो, त्यातून करंट वाहत असेल तर दोन टोकांत थोडं व्होल्टेज दिसतं. फ्यूज उपटावा लागत नाही, त्यामुळे झोपलेलं काही जागं होत नाही. शून्य, शून्य, शून्य. केबिनमधल्या दिव्याच्या फ्यूजवर मीटर हलला. त्या फ्यूजवर दुसरा फ्यूज चढवून एक बारीक वायर काढलेली होती आणि ती निघाली रिव्हर्स कॅमेऱ्याच्या स्क्रीनची. स्क्रीन काळा दिसायचा, पण आतून चालू असायचा. जोडणाऱ्याने चावी फिरवल्यावर येणाऱ्या लाइनऐवजी सतत चालू असलेली लाइन पकडली होती, एवढीच चूक.

गाडीच्या वायरिंगच्या नकाशांत या लाइनींना आकडे असतात. 30 म्हणजे थेट बॅटरीची, कायम चालू असलेली. 15 म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी. 31 म्हणजे अर्थ (अर्थिंगमधला), करंटची परतीची वाट, गाडीच्या पत्र्याला जोडलेली. हे जर्मन डीआयएन मानकातले आकडे कितीतरी देशांतल्या गाड्यांच्या रिलेवर, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर, छापलेले सापडतात. फिटिंग करून घेताना 'ही 30 वर जोडताय की 15 वर?' एवढा एक प्रश्न विचारला तरी समोरचा माणूस वेगळ्या नजरेने काम करायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

फ्यूजबद्दल एक समज फार पसरलेला आहे की तो उपकरणाला वाचवतो. फ्यूज मुख्यतः वायरीला वाचवतो. बॅटरीत शेकडो अँपिअर एका क्षणात देण्याची ताकद असते. वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर तो सगळा जोर तिच्यावर येतो, ती लाल होते आणि भोवतालचं आवरण पेट घेतं. म्हणून बॅटरीवरून स्वतंत्र वायर काढली तर फ्यूज बॅटरीजवळ हवा, वीतभर अंतरात. उपकरणाजवळ लावलेला फ्यूज मधल्या चार मीटर वायरीसाठी असून नसल्यासारखा. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा घालणं ही सवय तर मोडूनच काढायला हवी. पात्यांच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: 10 चा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. लाल उडतोय म्हणून पिवळा घातला की फ्यूज उडायचा थांबतो आणि वायर तापायला लागते.

वायरीची जाडी हाही असाच दुर्लक्षित विषय. 55 वॅटचे दोन जादा दिवे घ्या. दोघांना मिळून नऊ अँपिअरच्या थोडं वर करंट लागतो. बॅटरीकडून वायर केबिनमधल्या स्विचपर्यंत आणली आणि तिथून पुन्हा पुढे दिव्यांपर्यंत नेली की सहज आठ मीटर होते. ती एक चौरस मिलिमीटरची असेल तर सव्वा व्होल्ट वायरीतच हरवतात. सव्वा व्होल्ट म्हणजे फार नाही असं वाटेल. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो. एवढ्या घटीत पाव भागाहून जास्त उजेड जातो, आणि अकरा-बारा वॅट उष्णता डॅशबोर्डमागच्या वायरीत मुरत राहते. लोक मग दिवे फिके आहेत म्हणून आणखी जास्त वॅटचे बल्ब आणतात. उपाय साधा आहे: बोनेटखाली रिले. केबिनमधला स्विच फक्त रिलेच्या कॉइलला, म्हणजे 85 आणि 86 ला, दीडदोनशे मिलिअँपिअर देतो. दिव्यांचा खरा करंट 30 कडून 87 कडे, जाड आणि आखूड वायरीतून जातो. रिलेचा तो 'टक्' आवाज मला फार आश्वासक वाटतो.

जोडांबद्दल तर मी तासभर बोलू शकेन. मूळ वायरीवर चिमट्यासारखं दाबून बसणारं प्लास्टिकचं जे क्लिप मिळतं, ते काम झटपट करतं खरं, पण त्याचं पातं तांब्याच्या काही तारा तोडतं आणि तिथून ओल आत शिरते. वर्ष-दोन वर्षांनी हिरवी बुरशी धरलेला जोड सापडतो. साध्या काळ्या टेपचा चिकटपणा बोनेटखालच्या उष्णतेत वितळून ओघळतो आणि टेप सुटून लोंबते. नीट दाबलेली क्रिम्प, म्हणजे वायरीवर पक्कडीने दाबून बसवलेली धातूची नळी, वरून उष्णतेने आवळणारी नळी आणि सगळ्यावर कापडी टेप, एवढं केलं तर जोड गाडीइतका टिकतो. अर्थचं टोक बसवताना खालचा रंग खरवडून उघडा पत्रा करायचा, घट्ट केल्यावर वरून ग्रीस किंवा रंगाचा हात द्यायचा. रंगावरच बोल्ट आवळला तर तो दिवा चालेल, पण त्याच्या मनाप्रमाणे चालेल.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत एक नवीच बाब आहे. त्यांच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर एक छोटा सेन्सर बसलेला असतो, जाणारा-येणारा सगळा करंट तो मोजतो आणि त्यावरून गाडी चार्जिंग ठरवते. जादा उपकरणाची अर्थ वायर थेट त्या निगेटिव्ह खांबाला लावली तर तो करंट सेन्सरला वळसा घालून जातो. गाडीच्या हिशेबात तो खर्च दिसतच नाही. अशा गाडीत अर्थ चॅसीवरच, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या पत्र्यावरच घ्यायचा.

विजेचं इतकं पुरे. आता ज्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो त्याकडे वळते.

डॅशकॅमची वायर छतापासून खाली आणताना सगळे ती काचेच्या बाजूच्या खांबाच्या प्लास्टिकमध्ये खोचतात. नुसतं बोटाने ढकललं की आत जाते, दिसायला स्वच्छ. पण ज्या गाडीत खिडक्यांवर पडद्यासारखी उलगडणारी एअरबॅग आहे तिथे त्या प्लास्टिकमागे तीच घडी घालून बसलेली असते. एकदा ते आवरण मी पूर्ण काढून बघितलं. वरून खाली येणारी, घट्ट गुंडाळलेली, पांढुरक्या कापडाची जाड दोरीच म्हणा ना, थोड्या थोड्या अंतरावर बिजागरीसारख्या पट्ट्यांनी धरलेली. कॅमेऱ्याची वायर बरोबर तिच्यावरून आडवी गेलेली होती, केबिनच्या बाजूने. अपघातात समोरची एअरबॅग साधारण 30 मिलिसेकंदांत फुगते, बाजूच्या त्याहूनही लवकर फुगाव्या लागतात, कारण दार आणि खांदा यांच्यात अंतरच नसतं. त्या जोरात वाटेत आलेली वायर, तिचा प्लग, अॅडॉप्टर, जे असेल ते भिरकावलं जातं, किंवा पडदा सरळ उलगडत नाही. वायर एअरबॅगच्या मागून, म्हणजे पत्र्याच्या बाजूने न्यायची आणि गाडीच्या मूळ वायरिंगच्या जुडग्याला बांधायची. त्याला वीस मिनिटं जास्त लागतात. ती वीस मिनिटं मागून घ्यायला संकोच करू नये.

सीट कव्हरचंही हेच. सीटच्या बाहेरच्या कुशीवर एअरबॅग लिहिलेली छोटी पट्टी असेल, तर तिथली शिवण ठरवून कमकुवत ठेवलेली असते, फाटण्यासाठीच. तिच्यावर जाड रेक्झिन चढवून चहूबाजूंनी आवळलं की ती फाटायला जागा उरत नाही. एअरबॅगसाठी बाजूला मोकळी किंवा खास सुटणारी शिवण असलेली कव्हरं मिळतात, तीच घ्यावीत. कव्हर धुवायला काढलं की परत घालताना डावं-उजवं बदलत नाही ना, हे दर वेळी बघावं. डावं कव्हर उजवीकडे गेलं तर ती मोकळी बाजू नेमकी आतल्या अंगाला येते. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेल्या शोभेच्या वस्तू, अत्तराच्या बाटल्या, फोनचे स्टँड यांबद्दल वेगळं सांगायची गरज नाही.

मॅट ही सगळ्यात साधी वस्तू, आणि तिच्याबद्दलच मी सगळ्यात कडक आहे. 2009 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एक लेक्सस गाडी आवरेनाशी होऊन चौघांचा जीव गेला. गाडीत दुसऱ्या मॉडेलचं रबरी मॅट टाकलेलं होतं आणि त्यात ॲक्सिलरेटरचं पेडल अडकलं होतं. त्यानंतर टोयोटाने मॅट आणि पेडलच्या या प्रश्नावरून तिथल्या सुमारे 38 लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केलं, म्हणजे दोष दूर करायला गाड्या परत बोलावल्या. इंजिनात काही नव्हतं बिघडलं, ब्रेक तुटले नव्हते. ड्रायव्हरच्या पायाखाली एकच मॅट हवं, त्याच गाडीचं, आणि ते जमिनीच्या हुकात अडकलेलं. जुनं मॅट खाली राहू देऊन त्यावर नवं टाकणं तर नकोच. गाडी धुतल्यावर मॅट परत ठेवणारा माणूस बहुतेक वेळा दुसराच असतो, म्हणून धुऊन आलेल्या गाडीत बसलं की मी आधी हाताने ते मागे ओढून बघते आणि पेडल तळापर्यंत दाबून सोडते. गाडी बंद असतानाच.

दिव्यांबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते अनेकांना आवडत नाही. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब खोचणं म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांतला उजेड चोरणं. हॅलोजनची तार कुठे पेटते त्या जागेवरून सगळा रिफ्लेक्टर आखलेला असतो, मिलिमीटरच्या हिशेबाने. एच4 नावाच्या दोन तारांच्या बल्बमध्ये तर लो बीमच्या, म्हणजे खालच्या झोताच्या तारेखाली एक छोटी वाटीच असते, खालचा प्रकाश अडवायला. एलईडीच्या चिप दोन बाजूंना चपट्या बसलेल्या, त्यांची जागा आणि आकार वेगळा. भिंतीवर प्रकाश पाडून बघितलं की कळतं: मूळ बल्बची कडा स्वच्छ कापलेली दिसते, बदललेल्याची धूसर, आणि कडेच्या वर उजेडाचे डाग. चालवणाऱ्याला जवळचा रस्ता लख्ख दिसतो म्हणून तो खूश असतो, पण लांबचं उलट कमी दिसतं. त्यातच बल्बमागचा पंखा मोठा असल्याने हेडलाइटचं रबरी झाकण बसत नाही, ते काढून टाकतात, आणि पहिल्या जोरदार पावसात काचेच्या आत दव धरतं. उजेड खरंच कमी पडत असेल तर आधी काच पॉलिश करून बघा, व्होल्टेज थेट बल्बच्या कपलरवर, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लगवर मोजा, दिव्याचा कोन तपासा. निम्म्या गाड्यांत तेवढ्यानेच रस्ता उजळेल असं मला वाटतं. इंडिकेटरला एलईडी लावले की ते घाईघाईने उघडझाप करतात, कारण गाडीला वाटतं बल्ब गेला. मग 6 ओहमचा रेझिस्टर जोडतात. करंट वाहत असताना तो 30 वॅटच्या आसपास उष्णता टाकतो. त्याची जागा पत्र्यावर, प्लास्टिकच्या आवरणाला चिकटवून कधीच नाही.

चाकांचा हिशेब आकड्यांत मांडायला मला मजा येते. टायरवरच्या आकड्यांत पहिला रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा बाजूच्या उंचीचा, रुंदीच्या टक्क्यांत; आणि 'आर' नंतरचा रिमचा, इंचांत. 185/65 आर15 या टायरचा पूर्ण व्यास 621.5 मिलिमीटर भरतो. मोठी रिम हवी म्हणून 195/55 आर16 घेतला तर 620.9. म्हणजे बदल नगण्य, स्पीडोमीटर खरं बोलत राहील. पण रिम तीच ठेवून 205/65 आर15 चढवला की व्यास 647.5 होतो, चार टक्क्यांहून जास्त. काटा 100 दाखवताना गाडी 104 ने पळत असते, गिअर जड वाटतात, आणि पूर्ण वळणावर टायर आतल्या प्लास्टिकला घासतो की नाही हे वेगळंच बघावं लागतं. रिमच्या मधलं भोक हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागापेक्षा, मोठं असेल तर मधे कडी लागते, नाहीतर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि आपण उगाच बॅलन्सिंग करत बसतो. नटांची बैठक, शंकूची की गोल, ती रिमशी जुळली पाहिजे. नवी चाकं बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने, म्हणजे किती आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, पुन्हा तपासायचे. आणि ज्याचा विसर हमखास पडतो ते म्हणजे स्टेपनी. ती बहुधा जुनी लोखंडीच असते आणि अलॉयचे नट तिला बसतीलच असं नाही. मूळ नटांचा एक संच डिकीत, स्टेपनीच्या मधल्या खोबणीत, कापडात गुंडाळून ठेवावा. चोरीपासून वाचवणारे खास नट लावले असतील तर त्यांची चावीही तिथेच.

टायरचा दाब सांगणारी जी टोपणं व्हॉल्व्हवर फिरवून बसवतात, त्यांच्याकडे बघा. पंधरा इंची चाकावर गाडी 100 किलोमीटर वेगाने जात असताना व्हॉल्व्हच्या जागी सुमारे 140 पट गुरुत्वाइतका जोर बाहेरच्या दिशेने लागतो. म्हणजे 10 ग्रॅमचं टोपण 1.4 किलोच्या वजनासारखं रबरी व्हॉल्व्हला ओढतं. ते लावायचं तर धातूचा व्हॉल्व्ह हवा. शिवाय हवा भरताना ते काढावं लागतं, परत बसवताना आटे नीट धरले नाहीत तर तिथूनच हळूहळू हवा जाते. सावध करायला आणलेल्या वस्तूनेच हवा घालवावी, याचा मला खरंच राग येतो.

टपावरच्या कॅरिअरबद्दल थोडक्यात. पुस्तिकेतली वजनाची मर्यादा कॅरिअरचं वजन धरून असते, ती 75 किलो असेल आणि कॅरिअरच 20 किलोचं असेल तर सामानाला उरले 55. सामान नसेल तेव्हा आडव्या दांड्या काढून ठेवाव्यात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि रिकामं कॅरिअरही इंधन खातं. पायांखाली अडकलेली माती रंगाला सँडपेपरसारखी घासते, ती पुसायला तरी काढाच. चिकटपट्टीने बसवलेल्या चकचकीत पट्ट्या, दारावरचे पावसाचे छज्जे यांच्या कडांखालीही तीच माती आणि ओल साठते. पट्टी काढायची वेळ आली तर हेअर ड्रायरने गरम करून मागून मासेमारीचा दोरा करवतीसारखा ओढावा. पाना घालून उचकटू नये, रंग सोबत येतो.

गाडी धुताना प्रेशरचा पाइप आपण जोडलेल्या दिव्यांच्या, हॉर्नच्या, कॅमेऱ्याच्या कपलरवर जवळून मारू नका. कारखान्याच्या कपलरला आत रबरी सील असतं, बाजारातल्या बहुतेकांना नसतं. प्रत्येक वायर उपकरणात शिरण्याआधी थोडी खाली झोका देऊन वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी खालच्या बिंदूवरून गळून पडतं. कर्ण्याच्या हॉर्नचं तोंड किंचित खाली. मागच्या कॅमेऱ्याची वायर डिकीच्या दाराबरोबर रोज वाकते, ती बिजागरीपाशी आधी तुटते. चित्र मधूनच जायला लागलं की कॅमेरा बदलण्याआधी तिथलं रबर सोलून बघा.

माझ्या गाडीच्या कप्प्यात एक पातळ वही आहे. जोडलेल्या प्रत्येक वस्तूला एक पान. बसवल्याची तारीख, वायरीचा रंग, करंट 30 चा की 15 चा, फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे, अर्थ कोणत्या बोल्टवर, आवरण बंद करण्याआधी काढलेल्या फोटोचा फोनमधला क्रमांक. मूळचे कुठले भाग काढले आणि ते घरी कुठल्या खोक्यात आहेत, तेही. सर्व्हिसिंगला गाडी देताना वही मेकॅनिकच्या हातात देते. 'ही वायर कशाची?' म्हणून त्याला कोणाचीही वायर कापून बघावी लागत नाही. वर्षातून दोनदा वही घेऊन मी स्वतः गाडीभोवती फिरते: फ्यूज होल्डर हाताला कोमट लागतो का, क्लिप सुटलीय का, पत्र्यातून जाणाऱ्या वायरीभोवतीचं रबर जागेवर आहे का. कोमट फ्यूज होल्डर म्हणजे बहुधा ढिला जोड. तो त्याच दिवशी नीट करायचा.

आणि वस्तू काढताना तिची वायरही काढायची. लोक उपकरण काढतात आणि वायर कापून, टोकाला टेप लावून डॅशबोर्डमागे सोडून देतात. ती बॅटरीला जोडलेलीच असते, टेप सुटेपर्यंत गप्प बसते. बॅटरीकडचा फ्यूज आधी काढावा, मग वायर पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत ओढून बाहेर घ्यावी, मूळ वायरीवरचा जोड पुन्हा आवरणाने बंद करावा, पत्र्याला पाडलेल्या भोकाच्या कडेला गंज न धरणारा रंग लावून रबरी बूच बसवावं. मग वहीतल्या त्या पानावर काढल्याची तारीख लिहावी. पान फाडू नये. पुढच्या मालकाला भोक दिसेल, आणि ते कशाचं हे त्याला वहीतच सापडेल.